वैती सिस्टरांची बाहुली

वैती सिस्टर शिकाऊ डॉक्टरांना हात पाठीमागे घेऊन उभं करत. परळच्या एका प्रसूतिगृहात रोज दुपारी त्या टेबलावर चिंध्यांची बाहुली ठेवत. "हे पोर रडत नाहीये. बोला, कोण काय करणार?" एकाने हवा द्यायची, दुसऱ्याने ठोके मोजायचे, ज्याच्याकडे सूत्रं, त्याने कशालाही हात न लावता फक्त बघायचं आणि सांगायचं. सिस्टर शीव कोळीवाड्याच्या, वडील मच्छीमार होडीवर तांडेल. "तांडेलानंच जाळं ओढायला घेतलं, तर होडी कोण सांभाळणार रे?" आणि चूक दिसली की कुणीही 'थांबा' म्हणायचं, अगदी आयानेसुद्धा.

मीही त्या शिकाऊंपैकीच; मला हे सगळं नाटक वाटे. गिरणी संपाचं दुसरं वर्ष. ड्यूटी संपली की मी चाळींतून पत्रकं वाटायचो. सिस्टर मला पुढारीच म्हणत. "काय पुढारी, आज कुणाला जागं केलंत?"

एकदा बाहुलीला हवा देताना सखूबाई आया म्हणाल्या, "थांबा डॉक्टर, मान वाकलीय."

"तुम्ही तुमची लादी पुसा!" मी खेकसलो. सिस्टरांनी पुढे येऊन बाहुलीची मान सरळ केली.

तिसऱ्याच दिवशी लालबागच्या एका संपकऱ्याची बायको बाळंत झाली. पोर रडेना. सूत्रं माझ्याकडे होती. मी सगळ्यांना बाजूला सारून मास्क स्वतःच धरला, हवेची पिशवी दाबत राहिलो, ओरडत राहिलो. सिस्टर पलीकडच्या टेबलावर एका बाईचा रक्तस्राव थांबवत होत्या. तिथून सुटून त्या धावत आल्या, पोराची मान सरळ केली. छाती वर आली. पण तोवर फार उशीर झाला होता; पोर गेलं होतं.

"मला दिसत होतं," सखूबाई रडत म्हणाल्या.

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्हीच म्हणालात ना, लादी पुसा."

पोराला कापडात गुंडाळताना सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या, "पत्रकात कामगार मोठा, आणि वॉर्डात आयाचं तोंड बंद? चल, बापाला तूच सांग. मी आहे बरोबर."

बापाने मला ओळखलं. हात जोडून म्हणाला, "तुम्ही पत्रकवाले ना? आपलेच. तुम्ही काही कमी केलं नसणार." मानेचं मी सांगितलंच नाही. सिस्टर माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

संप मोडला. सिस्टर निवृत्त झाल्या, तेव्हा 'बाहुली खेळायला वेळ नाही' म्हणत प्रसूतिगृहाच्या मोठ्या साहेबांनी दुपारचा तो सराव बंद केला. कसले साहेब! गेल्या महिन्यात सिस्टर गेल्या. साहेबांविरुद्ध मी तेव्हा चार पत्रकं काढली होती. त्या पोराबद्दल मात्र आजवर एक ओळही लिहिली नव्हती. ती आज लिहितोय: मान वाकली होती, आणि ते सांगणारीचं तोंड मी बंद केलं होतं.