चोपड्याची पाणमांजरं आणि तात्यांचं गाराणं

"मॅडम, ही पोती कसली?" मार्केटिंगचे साहेब फोनवर विचारत होते.

"पोती नाहीत, सर. पाणमांजरं आहेत. झोपलीत."

"डोळे कुठे आहेत?"

"मिटलेत."

"मग नाही चालणार. उद्या बाराला फाइल प्रेसला जाते. बारा पानांना एकाच फोटोग्राफरचं नाव द्यायचं ठरलंय. अकरा तुमचे आणि एक विकतचा, असं करता येत नाही. उद्या फोटो आला नाही तर सगळी बारा पानं स्टॉकमधून घेऊ."

स्टॉक म्हणजे इंटरनेटवर मिळणारे तयार फोटो. कुणीतरी कुठल्यातरी देशात काढलेले. मी फोन ठेवला आणि चहाचं आधण ठेवलं. दुसरं काय करणार?

डिचोलीत माझा स्टुडिओ आहे. सव्वीस वर्षं लग्नं, बारशी आणि पासपोर्टचे फोटो काढले. एवढ्या वर्षांत माझं नाव छापलं गेलं ते फक्त फोटो घालून द्यायच्या पाकिटावर. मग एका जहाज कंपनीच्या कॅलेंडरचं काम आलं. किनाऱ्यावरची सहा दीपगृहं आणि सहा प्राणी. मी एक जुनी ट्रॅव्हलर घेतली, आतल्या सीटा काढून पलंग, शेगडी आणि बेसिन बसवून घेतलं आणि एकटी निघाले. दीपगृहांनी काही त्रास दिला नाही. ती जागची हलत नाहीत आणि पोझ देताना लाजत नाहीत. खेकडे, गरुड, डॉल्फिन असे पाच प्राणीही झाले. उरलं एक पान, पाणमांजराचं. ते कॅलेंडर मला हवं होतं. अगदी हावरटासारखं हवं होतं.

चोपड्याला शापोरा नदीत ओहोटीला वाळूचा एक पट्टा उघडा पडतो. त्यावर चार पाणमांजरं सकाळी उन्हाला येतात. मी काठावर, काजऱ्याच्या झाडाखाली गाडी लावली. गाडीच माझा आडोसा. आमच्या धंद्यात याला हाइड म्हणतात. प्राणी माणसाला बिचकतो, उभ्या गाडीला फारसा बिचकत नाही. खिडकीत उकड्या तांदळाची पिशवी ठेवायची, तिच्यावर लांब लेन्स टेकवायची आणि गप्प बसायचं.

गप्प बसणं मला जमत होतं. गावाला जमत नव्हतं. पहिल्या दिवशी एक म्हातारी चष्मा हातात घेऊन दाराशी उभी राहिली. तिला वाटलं, डोळे तपासायची गाडी आली. मग कुणी सुंगटं, म्हणजे कोळंबी, आणून दिली, कुणी पाव. "बाय, एकटीच गो? भियेना मां?" हे तर येणाराजाणारा प्रत्येकजण विचारायचा. एकटीने प्रवास करायचा तर आपल्याकडे तो माणसं नसलेल्या जागी करावा लागेल.

खरा त्रास पाणमांजरांचा होता. ती यायची, एकमेकांच्या अंगावर पडायची आणि झोपायची. उठली की तोंड न दाखवता सरळ पाण्यात. तीन सकाळी मला फक्त पाठी मिळाल्या. फोटोत प्राण्याच्या डोळ्यात उजेडाचा एक ठिपका लागतो, त्याला कॅचलाइट म्हणतात. तो नसला की जिवंत प्राणीसुद्धा पोत्यासारखा दिसतो. साहेब चुकीचं काही बोलले नव्हते, आणि त्याचाच मला जास्त राग आला होता.

शेवटच्या सकाळी ओहोटी लागली. पट्टा उघडा पडला. चौघं आली, पडली, झोपली. मी लेन्सला डोळा लावणार तोच गाडीचं दार वाजलं.

बाहेर तात्या होते. गावातले सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, देवाधर्माचं सगळं त्यांच्याकडे. हातात नारळ आणि विडा. मागे त्यांची सून, दोन मासेमारी करणारे आणि शेजारच्या तुये गावातल्या कारखान्यात कामाला असलेला कोल्हापूरचा पाटील.

"बाय, फोटो गावलो?"

"नाही, तात्या. आणि जरा हळू बोला, ती झोपलीत."

"कसो गावतलो? हय गाडी लावच्याआधी राखणदाराक विचारलंस?"

मी वरमले. झाडाच्या बुंध्याशी एक दगड होता. राखणदार म्हणजे त्या जागेची राखण करणारा देव. त्याला नारळ ठेवल्याशिवाय कुणी विहिरीचा खड्डासुद्धा काढत नाही. मी डिचोलीची, मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण मी उजेड कुठून येतो, भरती किती वाजता, मोबाइलला रेंज आहे का, हे सगळं पाहिलं आणि दगडाला पाठ करून गाडी लावली.

"आम्ही तुझ्या वतीन गाराणा घालतो," तात्या म्हणाले. गाराणं म्हणजे सगळ्यांनी मिळून देवाला घातलेलं साकडं.

"हळू आवाजात घालाल?"

"गाराणा हळू घालतत? देवाक आयकाक येवचा नाय."

मी चप्पल काढून, हात जोडून, डोळे मिटून उभी राहिले. मनात म्हटलं, गेलं कॅलेंडर.

तात्यांनी नारळ ठेवला आणि सुरुवात केली. "बा राखणदारा म्हाराजा! ही तुझी लेक डिचोलीसून एकटी इली हा. तुका न विचारता तुझ्या जाग्यार गाडी लायली हा. जी काय चूक झाली आसात ती पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एकसुरात ओरडले.

मी एक डोळा उघडून नदीकडे पाहिलं. चारही पाणमांजरं मान ताठ करून आमच्याकडे बघत होती. आठ डोळे आणि आठांतही उजेड. आणि माझे दोन्ही हात जोडलेले!

प्राण्याला दचकवून फोटो काढू नये, हा आमचा पहिला नियम. पण ती दचकलेली दिसत नव्हती. क्षणभर ऐकलं आणि पुन्हा डोकी टेकली. गावची गाराणी त्यांनी माझ्यापेक्षा जास्त ऐकली असणार.

मी अनवाणीच गाडीत धावले.

"बाय, गाराणा चालू आसताना जाग्यावरसून हलूचा नाय!"

"तात्या, मी आतूनच हात जोडते, तुम्ही चालू ठेवा!"

"तिच्या मनात जा काय आसा ता पुरा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

डोकी वर आली. माझा फोकस एका शेपटीवर होता. गेलं.

"झाला," तात्या म्हणाले.

"झालं नाही!" मी खिडकीतून ओरडले. "अजून काहीतरी मागा. काहीही!"

तात्या गोंधळले. मागायचं सगळं त्यांचं मागून झालं होतं. सून पटकन पुढे झाली. "मामानू, ट्रान्सफॉर्मराचा सांगा. तीन म्हयने जळान पडलो हा."

ट्रान्सफॉर्मर मागितला. "व्हय म्हाराजा!" डोकी वर, पण एकाचा डोळा दुसऱ्याच्या कानामागे. मग पाटलाची दिवाळीची रजा मागितली. "तिकडं बी चालतंय न्हवं देवाला, तुयेला?" तो विचारत होता. मग जाळ्यात इसवण येऊ दे. मग रस्त्यातला खड्डा. पाणमांजरं आता अर्धी उठूनच बसली होती, पुढचं काय मागतात ते ऐकायला बसल्यासारखी. खड्ड्याच्या "व्हय म्हाराजा"ला चारही चेहरे एका रांगेत आले आणि मी बटण दाबून धरलं.

मग ती सावकाश पाण्यात उतरली. मी पायरीवर बसून स्क्रीन पाहिला आणि सगळ्यांसमोर रडले. सून मला पाणी द्यायला धावली.

साडेअकराला फाइल पाठवली. साहेबांचा लगेच फोन.

"मॅडम, काय एक्स्प्रेशन आहे! कसं मिळवलंत?"

"पेशन्स लागतो, सर," मी म्हणाले. खोटं नव्हतं. फक्त तो पाणमांजरांचा होता.

कॅलेंडर छापून आलं. प्रत्येक पानाखाली माझं नाव आहे, बारीक अक्षरांत, पण आहे. एक प्रत घेऊन मी चोपड्याला गेले. तात्यांनी चष्मा लावून ते पान बराच वेळ पाहिलं. खालचं नाव बोट ठेवून वाचलं.

"बरो आसा," ते म्हणाले. "पण ओरडलव आम्ही."

मी मान खाली घातली. आता कुठेही कामाला गेले की उजेड आणि भरतीच्या आधी एक गोष्ट विचारून घेते: इथे कुणाला विचारायचं असतं? आणि ज्यांनी मदत केली त्यांची नावं वहीत लिहून घेते. साहेबांना पाठवते. ते अजून छापत नाहीत, पण मी पाठवते.