नकलेतला बाप

आमच्या मामेसासऱ्यांच्या घरी पाय ठेवून त्यांचा सिनेमा न बघता परत गेलेला माणूस जन्माला यायचा राहूनच गेला. जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी नवा विद्यार्थी खोली मिळेपर्यंत चार दिवस टेकायला येवो, कंपनीच्या कामासाठी पुण्याहून आलेला इंजिनीअर वरणभाताच्या आशेनं येवो, नाहीतर घर तापवणाऱ्या हायत्सुंगचं मीटर वाचायला आलेला जर्मन माणूस असो, मामा त्याला सोफ्यावर बसवत आणि विचारत, "चहा आधी की सिनेमा आधी?" चहा आधी म्हटलं तर सिनेमाबरोबर दुसरा चहा मिळे, एवढाच काय तो फरक.

सिनेमा एकच. अमेरिकेतला, काळा-पांढरा, बोलपट नुकते बोलायला लागले होते त्या काळातला, आणि रंगभूमीवर गाजलेल्या एका कौटुंबिक नाटकावरून घेतलेला. गोष्ट म्हणाल तर पोस्टकार्डावर मावेल. एक तापट बाप, त्याची सोशिक बायको, तीन मुलं, एक आजोबा, आणि थोरल्या मुलीच्या प्रेमात पडलेला पियानो दुरुस्त करणारा तरुण. बापाला हे लग्न पसंत नाही. दीड तास सगळे एकाच दिवाणखान्यात दारं आपटतात. शेवटी बाप एक दणदणीत भाषण ठोकतो, घर रडतं, आणि आपणच थोर असल्याच्या थाटात बाप लग्नाला परवानगी देतो. मामांनी हा सिनेमा कॉलेजात असताना पुण्यात, ऐन परीक्षेच्या दिवसांत, सकाळच्या खेळाला पाहिला. नंतर ते मशिनं बनवायला जर्मनीत आले, इथेच राहिले, निवृत्त झाले, मामी गेल्या. सिनेमा मात्र त्यांच्याबरोबर टिकून होता.

मामांच्या सोबतीनं दीड तासाचा तो सिनेमा तीन तास चाले. प्रत्येक विनोदाच्या आधी ते चित्र थांबवत आणि बोट वर करून म्हणत, "आता हसायचंय." नाटक जसंच्या तसं उचलल्यामुळे कॅमेरा जागचा हलत नसे आणि मायक्रोफोन म्हणे एका फुलांच्या कुंडीत लपवलेला होता. त्यामुळे ज्याला बोलायचं तो आधी कुंडीपाशी जाई. मामांना ते फार आवडे. "बघा जावईबापू, आई केवढी चिडलीय! पण चिडायला गेली कुंडीपाशीच. शिस्त म्हणतात ती ही!" मूळ नाटकाचं पुस्तकही त्यांनी कुठल्याशा जुन्या पुस्तकांच्या दुकानातून मिळवलं होतं. नाटकात आजोबांना पानभर भाषण होतं. सिनेमात ते नुसते शिंकतात. या अन्यायाबद्दल मामा भेटेल त्याला सांगत. दातांच्या डॉक्टरकडे तर तोंड उघडं ठेवल्यावर बोलता येणार नाही म्हणून खुर्चीत बसण्याआधीच सांगून टाकत.

रविवारी जर्मनीत शांतता पाळायचा नियम, खिळाही ठोकायची सोय नाही. मामा खदाखदा हसत, तेही दर रविवारी ठरलेल्या जागी. एका रविवारी खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाई तक्रार घेऊन वर आल्या. आम्ही हॅनोव्हरहून गेलो होतो, त्यामुळे हा प्रसंग मी डोळ्यांनी पाहिला. बाई दारातूनच बोलायला लागल्या, त्यांची नजर पडद्याकडे गेली आणि त्या तक्रार अर्धी सोडून आत आल्या. मग म्हणाल्या, "हा मी पाहिलाय. लहानपणी, आईच्या मांडीवर बसून. पण ही माणसं जर्मन बोलत होती."

"शक्य नाही," मामा म्हणाले.

"डॉख!"

नाही म्हणणाऱ्याला 'आहेच मुळी!' असं ठणकावून सांगणारा हा शब्द जर्मन माणूस इतका ठासून उच्चारतो की पुढे वाद घालायची हिंमत होत नाही. मामांची झाली. पुढची दोन वर्षं त्या बाई रविवारी केक घेऊन वर येत, मामांच्या शेजारी बसून सिनेमा बघत आणि दोघं शक्य नाही आणि डॉखची देवाणघेवाण करत. मामी गेल्यानंतर त्या घरात इतकं भांडण ऐकू येतंय याचं माझ्या बायकोला फार बरं वाटे.

निकाल लावला मामांच्या मुलीनं. एकुलती एक. तिला मराठी सगळं समजे, पण उत्तर जर्मनमध्ये येई. मामा मराठीत विचारत, ती जर्मनमध्ये सांगे, आणि दोघांनाही वाटे की समोरचा हट्टानं असं करतोय. डार्मश्टाटच्याच विद्यापीठात मशीन्सचं शिक्षण अर्ध्यावर सोडून ती बर्लिनला एका लहानशा कंपनीत गेली होती. काय करते असं कुणी विचारलं की मामा म्हणत, "काहीतरी करते," आणि कुंडीचा विषय काढत. तर तिनं शोधून काढलं की बाईंचं बरोबर होतं. त्या काळी आवाज मागाहून बदलायची कला नीट साधली नव्हती, म्हणून अमेरिकेत जर्मन नट बोलावून, तेच घर, तेच कपडे, तीच कुंडी वापरून तोच सिनेमा पुन्हा केला होता. आणि बर्लिनमधल्या एका जुन्या थिएटरात तो दाखवणार होते. तिनं तिकिटं काढून फोन केला. "बाबा, या. खालच्या आजींनाही आणा."

बाई हरखल्या. त्यांनी केस सेट करून घेतले. निघायच्या सकाळी कोट घालून, पर्स मांडीवर ठेवून त्या मामांच्या घरी येऊन बसल्या. आणि मामा आतल्या खोलीतून बाहेर येऊन म्हणाले, "मी येत नाही. आपलं घर, आणि त्यात दुसरीच माणसं परक्या भाषेत बोलणार! असली नक्कल बघायला पाच तास गाडीत बसू?" बाईंनी समजावलं. मुलीनं फोनवर समजावलं. मामा हलले नाहीत. बाईंना एकटीनं प्रवास झेपणारा नव्हता. त्यांनी कोट काढलासुद्धा नाही, तशाच जिना उतरून खाली गेल्या.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. ती एकटीच जाऊन आली होती. म्हणाली, सगळं तसंच आहे, पण शेवट वेगळा आहे. जर्मन बाप भाषण सुरू करतो, मुलगी त्याला मध्येच अडवते, आणि तो खाली बसून तिचं ऐकून घेतो.

"तो असं करणारच नाही!" मामा ओरडले. "मी त्याला जन्मभर ओळखतो!"

"मीपण," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

त्यानंतर वाढदिवस आणि दिवाळी सोडली तर बापलेकीचं बोलणं होईना. खालच्या बाई त्या हिवाळ्यात गेल्या. शेवटपर्यंत जिन्यात भेटल्या की मामांना "गुटन टाग" म्हणत, पण रविवारचा केक पुन्हा वर आला नाही. त्यांच्या अंत्ययात्रेहून परतल्यावर मामांनी मला फोन केला. बराच वेळ ते हवापाण्याचंच बोलत राहिले. मग म्हणाले, "जावईबापू, केस सेट केले होते हो त्यांनी."

मग मामांचे कान गेले. हळूहळू, पण चांगलेच. कानातल्या यंत्राशी त्यांचं जमलं नाही. सगळ्या जगाचा आवाज पत्र्याच्या डब्यातून येतो म्हणत. सिनेमाची तबकडी कपाटात गेली. नवीन मुलं घरी येत, चहा पिऊन परत जात, आणि आपलं काय चुकलं हे त्यांना कळत नसे. फोनवरचं जर्मन तर त्यांना अजिबात कळेना. एके दिवशी त्यांनीच मुलीला फोन लावला आणि पलीकडचं न ऐकताच बोलून टाकलं, "तो तुझा सिनेमा पुन्हा दाखवणार असतील तर मी येतो."

तिनं थिएटरवाल्यांच्या किती विनवण्या केल्या ते तीच जाणे, पण वर्षभरानं तो खेळ पुन्हा लागला. मी मामांना घेऊन बर्लिनला गेलो. ती स्टेशनवर आली होती. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनीही माझीच चौकशी केली. थिएटरात फार माणसं नव्हती. सिनेमा सुरू झाला, पडद्यावर कुंडी आली, आणि मामांना एक अक्षर ऐकू येईना. त्यांचा चेहरा हरवलेल्या पोरासारखा झाला. तेव्हा ती त्यांच्या कानाशी वाकली आणि बोलायला लागली. मराठीत. "बाप बोलते, नको. आई बोलते, तू गप. आता आजोबा शिंकलं." बापाला तिनं स्त्रीलिंगी केलं, आजोबांना नपुंसकलिंगी, मामांनी एकदाही दुरुस्त केलं नाही. शेवटी पडद्यावरची मुलगी बोलू लागली तेव्हा हिलाच शब्द सापडेनात. पडद्यावरचा बाप खुर्चीत बसून ऐकत होता, आणि शेजारचा बाप तिच्या हातावर हात ठेवून वाट बघत होता.

बाहेर आल्यावर आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानात कॉफी घेतली. मामांनी कपात साखर ढवळली. मग म्हणाले, "तुझा तो बाप नटापेक्षा माणूस म्हणून बरा वाटला गं." त्यांच्याकडून एवढं म्हणजे फार झालं. ती हसली, आणि तोंड वळवून तिनं डोळे पुसले.

त्यानंतर ती महिन्यातून एकदा डार्मश्टाटला जायला लागली. भाजीत मीठ किती, पेपरात काय आलंय, सगळं ती त्यांच्या कानाशी वाकून मराठीत सांगे, आणि मामा मान डोलवत. पण असे महिने फार मिळाले नाहीत. त्यांना जायचं होतं आणि ते गेले. आणखी दोन वर्षं मिळाली असती तर, असं मी म्हणतो. माझी बायको म्हणते, आधीची पाच वाया गेली त्याचं काय?

आता आमचा तिच्याशी कधीमधी फोन होतो. ती हटकून मराठीत सुरुवात करते. दोन वाक्यं नीट जातात, मग एखाद्या शब्दापाशी अडते. मी शब्द पुरवत नाही, थांबतो. ती बराच वेळ शोधते आणि शेवटी जर्मनमध्ये सांगून टाकते. परवा जरा शरमून म्हणाली, "बाबांच्या कानात यायचं मला, भाऊजी. फोनमध्ये येत नाही."