विजयलक्ष्मी आणि विरजणाचा डबा

बाळाच्या शीची बातमी इतक्या आनंदानं जाहीर करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. विजयलक्ष्मी तमिळ मुलखातल्या अण्णा नगर भागातल्या एका इस्पितळात अपुऱ्या दिवसांच्या बाळांची सिस्टर. घराणं तंजावरचं, मराठी पणजीच्या काळातली आणि हुकूम सुभेदाराचे.

आमची लेक देविका तिकडंच, सिरुसेरीत नोकरीला. तिला सातव्या महिन्यातच मुलगा झाला, माझ्या तळहातात मावेल एवढा. अशा बाळाची आतडी कच्ची असतात, ती सुजली तर जिवावर बेततं. म्हणून डॉक्टर आईच्या दुधातून चांगल्या जंतूंचे थेंब देतात, असं विजयलक्ष्मीनं समजावलं. झालं! चांगले जंतू म्हणजे दही, हे माझ्या बायकोनं, अर्चनानं, परस्पर ठरवून टाकलं. सांगलीहून विरजण जपून आणलं होतंच. दुसऱ्या दिवशी वाटी-चमचा घेऊन ही वॉर्डाच्या दारात हजर.

“अय्यो आजी!” विजयलक्ष्मी आडवी आली. “घरच्या दह्यांत कोण कोण जंतू असतील, कोणास ठाऊक? आमचे थेंब पारखून येतात. इवल्या पाप्पाला हें चालायचें नाहीं.” पाप्पा म्हणजे तिकडच्या बोलीत बाळ.

“माझी मुलं यावरच वाढली!”

“तीं पुऱ्या दिवसांचीं होतीं हो. हें देविकेला वाढा, भाताशीं. पाप्पाला दूध तिचेंच लागतें.”

या बाईशी जन्मात बोलणार नाही, असं हिनं मला जिन्यात सांगितलं. मला हसू आलं, पण मी ते गिळलं.

मग बाळाचं पोट फुगलं. दूध, थेंब, सगळं बंद. थेंबांनी धोका कमी होतो, टळतोच असं नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. विजयलक्ष्मी येता-जाता टेपनं त्या पोटाचा घेर मोजायची आणि आकडा टिपून ठेवायची.

एका सकाळी आतून आरोळी आली, “आजी! झाली! चांगली पिवळी! पोट मऊ जाहलें!”

अख्ख्या वॉर्डानं ऐकलं. अर्चना रडतच तिच्या गळ्यात पडली. दूध पुन्हा सुरू झालं, थेंबही, आणि बाळ हळूहळू बाळसं धरू लागलं.

घरी न्यायच्या दिवशी हिनं विरजणाचा डबा विजयलक्ष्मीच्या हाती दिला. तिनं झाकण उघडून वास घेतला.

“हें मी जपतें,” ती म्हणाली. “पाप्पा मोठा जाहला कीं घेऊन या. दह्याचा पहिला चमचा मी भरवीन.”