मेल जाऊन राह्यली

जिनिंगच्या ऑफिसात किस्से रुईसारखे जमतात. सकाळी झाडून काढा, दुपारी पुन्हा कोपऱ्यात, पंख्यावर, चहाच्या कपात. मुद्दाम कोणी आणून टाकत नाही. मी आधी रुईच्या गठाणी उचलायचो. पाठ गेली तेव्हा शेठजींनी ऑफिसात चहापाण्याला बसवलं. मी बोलतो कमी, म्हणून माझ्यासमोर सगळे मोकळे बोलतात. त्यातले हे काही, ऑफिसातला कॉम्प्युटर बदलला त्या वेळचे.

*

आमचं जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, यवतमाळहून कळंबकडे जाताना लागतो. ऑफिसात वामनराव बडे बाबू. पत्रव्यवहार सगळा त्यांच्या हातात. फार पूर्वी फोनची लाइन एकच होती आणि नेटही तिच्यावरच चालायचं. फोन चालू तर नेट बंद. म्हणून वामनराव दिवसभर मेल टाइप करून ठेवत आणि संध्याकाळी एकदमच सोडत. ट्रक पुरता भरल्यावरच फाटकाबाहेर काढतात ना, तसं.

शेठजींचं घर आवारातच. तिथेही त्याच लाइनचा फोन. म्हणून मेल सोडायच्या आधी मी अंगणात उभं राहून ओरडायचं, "फोन ठेवा, मेल जाऊन राह्यली."

एकदा मी ओरडलो ते शेठजींना ऐकू गेलं नाही. त्यांनी रिसीव्हर उचलला. नेटचा तो किर्र-खर्र आवाज कानात शिरला. शेठजी सभ्य माणूस. "हां जी, बोला जी," म्हणत ऐकून घेतलं, मग चपला घालून ऑफिसात आले.

"वामनराव, गिऱ्हाईक कोन हाय मालूम नाही, पन लय तापला हाय. मी माफी मांगतली. आता तुम्ही बोला."

*

कोइमतूरच्या एका सूतगिरणीत मुरुगेसन नावाचे खरेदीचे बाबू होते. दर सीझनला कापूस पाहायला यायचे. वामनरावांना तमिळ येत नव्हतं, त्यांना मराठी येत नव्हतं. हिंदी दोघांचीही लंगडी. पण दोघं रुईचा पुंजका बोटांत ओढून बघायचे आणि एकदमच मान हलवायचे. मुक्कामाला वामनरावांच्या घरी. मिरचीचा ठेचा खाऊन मुरुगेसन रडायचे आणि पुन्हा मागायचे. मेलमध्ये कापसाच्या भावाखाली एक ओळ ठरलेली, तब्येत कशी आहे.

वामनरावांच्या मुलीचं, नंदाचं, लग्न अक्षय तृतीयेला कळंबला झालं. पत्रिका मराठीत, मुरुगेसनना वाचता यायची नाही, म्हणून वामनरावांनी स्वतः इंग्रजीत आमंत्रण टाइप केलं. लग्नाच्या दिवशी अंतरपाट धरला तरी वामनराव फाटकाकडे बघत होते. भटजींनी खाकरून मंगलाष्टकं सुरू केली.

मुरुगेसन आले नाहीत. जमत नाही असं कळवलंही नाही. त्यानंतर वामनरावांच्या मेलमधली तब्येतीची ओळ गेली. पुढे तिकडचीही गेली. कापूस पाहायला दुसराच माणूस येऊ लागला.

"फोन करून पाहा ना," मी एकदा म्हटलं.

"कायले? बोलावनं मी धाडलं. आता पुन्हा मीच बोलावू? माह्यी मेल मशीनमध्ये हाय. एक दिवस छापून त्याच्या हाती देतो. मंग बोल म्हणा."

लाइनी बदलल्या, ब्रॉडबँड आलं, नंदाला मुलगा झाला, तो शाळेत जाऊ लागला. वामनरावांचं रिटायरमेंट जवळ आलं. राग तसाच होता. मला तो राग वाटत नसे. दुखणं वाटे.

*

जुना कॉम्प्युटर उन्हाळ्यात बसायला लागला. यवतमाळात दुकान असलेली प्राचीताई स्कूटीवर आली. बाभुळगावची, कामात पक्की. म्हणाली, नवं मशीन घ्या, मेलचा नवा प्रोग्राम टाकू, जुन्या मेल सगळ्या त्यात नेऊ.

वामनराव खुर्ची ओढून तिच्या मागेच बसले. "नेताना सांडनार तर नाहीत?"

"नाही हो काका. आधी कॉपी काढते, मग नव्यात घेते."

"सावकाश घे. त्यात माह्यी एक मेल हाय."

मग त्यांना आठवलं, मेल नव्या घरात चालल्या. दूध उतू गेल्याशिवाय गृहप्रवेश कसा? मी विजेच्या शेगडीची वायर कॉम्प्युटरच्याच बोर्डाला लावली आणि पातेलं ठेवलं. प्राचीताई नको-नको म्हणेपर्यंत दूध उतू गेलं, टेबलावरून थेट बोर्डात. फट् झालं. पंखा थांबला, दोन्ही मशीन गप्प.

वामनरावांनी शांतपणे हात जोडले. "उतू गेलं ना? झालं. लावा आता वायरमनले फोन."

*

दुसऱ्या दिवशी मेल नव्या घरात आल्या. नवा प्रोग्राम हुशार होता. फालतू मेल ओळखून आपोआप वेगळ्या खान्यात टाकायचा. प्राचीताईने खाना उघडून दाखवला. त्यात शेठजींच्या मेल होत्या. 'काम लवकर करा', 'आजच करा', 'अजून का नाही झालं', सगळ्याच.

"हे चुकून झालं काका, मी सुधारते," प्राचीताई म्हणाली.

"राहू दे," वामनराव म्हणाले. "एका दिवसात याले ऑफिस समजलं. मले किती वर्षं लागले."

*

पण वामनरावांची मेल सापडेना. पाठवलेल्या मेलच्या खान्यात अक्षय तृतीयेच्या आधीच्या सगळ्या होत्या, भावाच्या, गाड्यांच्या, सॅम्पलच्या. आमंत्रण नव्हतं. प्राचीताईने मुरुगेसन नाव घालून शोधलं, नंदा घालून शोधलं. वामनरावांचा चहा तसाच गार झाला.

प्राचीताई पाणी प्यायला उठली. तेवढ्यात मशीनने काहीतरी विचारलं. वामनराव मशीनला कधी नाही म्हणत नसत, त्यांना तो उद्धटपणा वाटे. त्यांनी 'हो' दाबलं.

थोड्या वेळाने फोन वाजला. ट्रान्सपोर्टवाला होता. "वामनभाऊ, उद्याची गाडी रद्द करा म्हणून मेल केली तुम्ही. ते गाडी तं मी कवाच भंगारात देल्ली."

फोन ठेवला, पुन्हा वाजला. नागपूरचा एक दलाल भर उन्हात दिवाळीच्या शुभेच्छांबद्दल आभार मानत होता.

मग यवतमाळच्या डॉक्टरांचा. "नंदाला ताप आहे म्हणून लिहिलंय. तिला घेऊन या."

"तिचं लग्न झालं साहेब," वामनराव म्हणाले.

"वा. म्हणजे उतरला ताप."

प्राचीताईने मशीन पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं. पूर्वी मेल सोडता सोडता नेट तुटलं की काही मेल आत अडकून राहायच्या. त्या कधी गेल्याच नव्हत्या. जुन्या मशीनने तसं कधी सांगितलं नाही. नव्याने विचारलं, पाठवू का?

"त्यात कोनत्या कोनत्या होत्या?" वामनरावांनी विचारलं. विचारतानाच त्यांना उत्तर कळलं होतं.

नंदाच्या लग्नाचं आमंत्रण नुकतंच कोइमतूरला गेलं होतं.

वामनरावांनी गार चहाचा कप बाजूला सारला. मग हळू म्हणाले, "म्हणजे मी त्याले बोलावलंच नाही. आन् तो आला नाही म्हणून मीच रुसून बसलो." जरा थांबून प्राचीताईला म्हणाले, "वापस बोलावता येते का ती?"

"नाही काका. गेली."

संध्याकाळी उत्तर आलं. आमंत्रण मिळालं, फार आनंद झाला, सहकुटुंब येतो. अक्षय तृतीया आठवड्यावर आली होती.

*

मी म्हटलं, आता तरी फोन करून खरं सांगा. वामनरावांनी रिसीव्हर उचलला आणि ठेवला. "कोनत्या तोंडानं सांगू, की लग्न होऊन गेलं? येऊ दे. माणूस समोर असला की सांगतो."

अक्षय तृतीयेला वामनरावांच्या घरी वहिनींनी पुरणपोळी केली. नंदा, जावई, नातू आले. जावई चांगला माणूस, कोणी न सांगता लग्नातला सदरा घालून आला. पोटावर बटण लागत नव्हतं. शेठजी आले, प्राचीताईला आणि मलाही बोलावलं होतं.

मुरुगेसन रिक्षातून उतरले. पांढरी लुंगी, केस सगळे पिकलेले. मागे त्यांच्या बाई, हातात मोगऱ्याचे गजरे. वामनराव पुढे झाले. तोंडपाठ केलेलं सगळं विसरले. "वो शादी... थोडा पहले..." एवढंच म्हणाले आणि थांबले.

मुरुगेसननी त्यांचा दंड धरला, रुई पाहावी तसा हलकेच दाबला. म्हणाले, "दुबला हो गया."

मग पिशवी उघडली. नंदाला साडी दिली. जावयाला शर्टाचं कापड दिलं. आणि शेवटी नातवाच्या हातात क्रिकेटची बॅट ठेवली.

वामनराव बॅटकडे बघत राहिले. "आपको मालूम था?"

"तारीख देखा," मुरुगेसन म्हणाले. "पुराना तारीख. लेकिन बुलाया, तो आना पडता."

पंगत बसली. पहिल्यासारखी एकमेकांची तब्येत विचारून झाली, ठेचा वाढून झाला, मुरुगेसनचे डोळे भरून आले. ते ठेच्याने की कशाने, मी विचारलं नाही. डोळे पुसत त्यांनी मान वर केली.

"वामनराव, एक बात पूछता. इतना साल मन में रखा. मेरे बेटे का शादी में आप क्यों नहीं आया? मैं भी मेल किया था."

सगळ्यांचे हात ताटात थांबले. वामनराव हळूच प्राचीताईकडे वळले.

"पोरी, तिकडचं मशीन कवा बदलून देतं?"