सतरंजीखालची मुख्यमंत्री

“हालू नको आजी. श्वास बी हळू घे,” ती म्हणाली आणि माझ्या पाठीवर पालथी पडून तिनं दोघींवर सतरंजी ओढली. वरून आग्या माश्या गारांसारख्या आदळत होत्या. सतरंजी तोकडी होती. मी पूर्ण झाकले गेले, तिच्या पोटऱ्या आणि एक हात बाहेर राहिला. त्या हातानं तिनं सतरंजीची कड जमिनीला दाबून धरली होती. हात सुटत नव्हता.

मुलगी बारा वर्षांची. त्याआधी मी तिला एका जागी थांबलेली कधी पाहिली नव्हती.

मी आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत खिचडी शिजवते. शाळा सातवीपर्यंत, माझं शिक्षण याच शाळेत चौथीपर्यंत. दरवर्षी इथे मुलांचं मंत्रिमंडळ निवडतात, आणि मुख्यमंत्री सातवीतला असतो. त्या वर्षी ही निवडून आली आणि तिचं नाव मागे पडलं. घरीदेखील तिची आई ओरडायची, “ओ मुख्यमंत्री, भांडे कोण घासन, तुहा बाप?”

ती जेवायची उभ्यानं. एक घास खाल्ला की वऱ्हांड्यात जाऊन कोण सांडतं ते पाहून यायची. “बस ना वं एका जागी,” म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं, “बसून काय होते?” हेडसर तिला येताना पाहून टेबलावरचे कागद उगाच चाळायला लागायचे. एकदा मुलांची नखं तपासताना ती थेट माझ्यापाशी आली. “आजी, तुहे नखं पाह्य. पोराइले हेच चारतं काय?” मी तिला पळी दाखवली. दुसऱ्या दिवशी नखं कापून गेले.

तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती, मुलींच्या संडासाचं दार. मोडून दोन वर्षं झाली होती, तिथे एक पोतं टांगलेलं होतं. मोठ्या मुली दिवसभर पाणीच पीत नव्हत्या, जायची वेळ येऊ नये म्हणून. ही सरपंचाच्या ओट्यावर जाऊन उभी राहिली. तो म्हणाला, “पुढच्या वर्षी निधी आला की बसवू.”

“पुढच्या वर्षी मी चिखलीले आठवीत राहीन. मग मले काय उपेग?”

तो हसला. ती हसली नाही. सहावी-सातवीची मुलं घेऊन ती कामाला लागली. वेचणी संपलेल्या वावरांतून त्यांनी राहिलेला कापूस वेचला आणि विकला. घरोघरची रद्दी आणली. तेवढ्यानं भागेना, म्हणून तिनं हेडसरांच्या मागे लागून आनंदनगरी ठरवली. त्या दिवशी मुलं शाळेत खाण्याची दुकानं मांडतात आणि गाव येऊन विकत घेतं. गरम भजी मी तळायची, असा हुकूम झाला. “अन् पिंपळाखाली बस, आजी. सावलीत गिऱ्हाईक थांबते.”

पिंपळावर तीन मोहोळं होती. इतक्या वर्षांत त्यांनी कोणाला काही केलं नव्हतं, म्हणून ती कोणाच्या ध्यानातही नव्हती.

भर गर्दीत गॅस संपला. “आजी, लोकं चालले परत! कर काही तरी!” ती माझ्याभोवती फिरत राहिली आणि माझंही डोकं फिरलं. तीन विटा मांडल्या. स्वयंपाकखोलीमागे सरपणाला रचलेली कापसाची पऱ्हाटी मागवली. ती दवानं ओली होती, हे हाताला कळलं होतं. तरी लावली. साठ वर्षं चूल पेटवलेली बाई मी, ओली पऱ्हाटी किती धूर करते ते मला कोणी सांगायला नको होतं. वारा नव्हता. धूर सरळ वर गेला.

मग एकच पळापळ झाली. मुलं वर्गांत शिरली, सरांनी दारं लावून घेतली. त्यांचं बरोबर होतं. मी एकदा खाली बसले की हात दिल्याशिवाय उठत नाही. संडास माझ्यापासून दहा पावलांवर होता, रांगत गेले असते. पण त्याला दार नव्हतं.

ती वर्गात पोचली होती. मी आत दिसत नाही, हे तिच्याच पहिलं ध्यानात आलं. हेडसर “अगं थांब!” म्हणेपर्यंत ती सतरंजी घेऊन बाहेर पडली होती.

अर्धा तास आम्ही तशा होतो. मध्येच ती कानाशी पुटपुटली, “आजी, कढई उतरवली का? भजे जळून राह्यले.”

“मरू दे भजे.”

त्यानंतर ती बोलली नाही. मी दोनदा हाक मारली. हात मात्र कडेवरून सुटला नव्हता.

माणसं ओल्या घोंगड्या पांघरून आली आणि आम्हाला जीपनं चिखलीला नेलं. माझे काटे डॉक्टरनं चिमट्यानं काढले. तिचे काढायला दोघं बसले. मला संध्याकाळी सोडलं, तिला ठेवून घेतलं. तिची आई माझ्याशी बोलली नाही. मीही तिच्या जागी बोलले नसते.

हेडसरांनी चौकशी केली. मी सांगितलं, पऱ्हाटी मी लावली. त्यांनी मला काढलं नाही. एवढ्या पैशात दुसरी बाई मिळणार नव्हती.

आठ दिवसांत ग्रामपंचायतीनं संडासाला दार बसवलं. म्हणजे पैसा होता. तेव्हा ती अजून दवाखान्यातच होती.

पुढे एका सकाळी मी तांदूळ धूत होते, तेव्हा दार वाजलं. उघडलं, लागलं, पुन्हा उघडलं. मग आवाज आला, “कडी कोणं लावली एवढ्या वर? पहिलीच्या पोरीचा हात पुरते काय?” तोंड अजून सुजलेलं होतं. मी तिला खिचडी वाढली. तिनं उभ्यानंच खाल्ली. कडी त्याच दिवशी खाली आली.

जूनमध्ये ती चिखलीला गेली. नंतरचे मुख्यमंत्री बसून जेवतात आणि माझी नखं कोणी पाहत नाही. मी आपली कापते.

त्या दिवशी पिंपळाखाली आम्ही दोघी होतो. दोघी वाचलो.