सावलीतला देश टिपणारे वामनराव

मौद्याजवळच्या आमच्या गावातून बारावी करून मी फोटोग्राफी शिकायला नागपुरात आलो आणि भर मे महिन्यात सीताबर्डीतल्या वामनराव खडतकर सरांच्या स्टुडिओच्या दारात उभा राहिलो. मी बोलायला तोंड उघडले, तर सर म्हणाले, "शिकजो मंग. पहिले पाणी पे गा, चेहरा पाह्य कसा झाला!" ते पाणी प्यायलो आणि तिथलाच झालो. यंदा सर पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत.

इतर छायाचित्रकार कोवळ्या उन्हाची वाट पाहतात. सर मात्र भर दुपारी निघतात आणि सावलीला टेकलेली माणसे टिपतात, तीही कृष्णधवल. त्यांचा एक नेम आहे. ज्याचा फोटो, त्याच्या हातात प्रत आधी; जगाला दाखवायचे ते नंतर. मौद्याला कडुनिंबाखाली बसलेल्या एका बाईंची प्रत द्यायला आम्ही गेलो, तेव्हा त्या शेतात होत्या. सर बांधावर बसून राहिले. फोटो न्याहाळून बाई म्हणाल्या, "मी इतकी म्हातारी काहून दिसून राहिली?"

"माह्या कॅमेऱ्याले चष्मा लागला, बाई," सर म्हणाले.

काही वर्षांपूर्वी नॉर्वेत 'आपला देश' या विषयावर भारत आणि नॉर्वे या दोन्ही देशांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरणार होते. सरांनी याच बाईंचे चित्र निवडले. मदतीला मीही गेलो. तिथे उन्हाळ्यात सूर्य मावळायचे नाव घेत नाही. घरून काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, त्यांना फोनवर विचारले, "ऊन कसं हाये तिथलं?"

"दिवसभर हाये, पण बिनातिखटाच्या भाजीसारखं वं," सर म्हणाले.

पण प्रदर्शनाच्या तिथल्या संयोजक बाईंनी नम्रपणे सांगितले, की या चित्रात भारत दिसत नाही. रंग, गर्दी, सण असे काही द्या, नाहीतर तुमची जागा रिकामी राहील. सर एवढेच म्हणाले, "आता रंगीत देश कुठून आणू गा?"

त्याच दिवशी ते आमच्या मुक्कामाशेजारच्या शेतकरी आजींचा फोटो काढत होते. त्यांनी अदबीने आजींसाठी खुर्ची गोठ्याच्या सावलीत ठेवली. आजींनी ती उन्हात ओढली. सरांनी पुन्हा सावलीत नेली. आजींनी पुन्हा ओढली आणि हसत सुटल्या. तिकडे वर्षभर ऊन दुर्मीळ, म्हणून पाहुण्याला मानाची जागा उन्हातली देतात, हे संयोजक बाईंनी समजावले. सर खजील झाले. "मी तं आजीले शिक्षाच देऊन राहिलो होतो!" मग त्यांनी फोटो उन्हातच काढला.

नेमाप्रमाणे दुसऱ्या दिवशी आम्ही प्रत द्यायला गेलो. दुभाषी म्हणून संयोजक बाई सोबत होत्या. आजींनी सरांच्या पिशवीतले मौद्याच्या बाईंचे चित्रही पाहायला मागितले, बराच वेळ पाहिले आणि हळूच काही बोलल्या. संयोजक बाईंनी वाकून ते चित्र पुन्हा पाहिले. मग म्हणाल्या, "आजी म्हणतात, हिच्या गावी ऊन किती असेल!"

चित्रात ऊन कुठेच नव्हते. होती ती सावली, आणि तिथे टेकल्यावर बाईंच्या चेहऱ्यावर आलेला सुटकेचा भाव. ते चित्र संयोजक बाईंनी प्रदर्शनात स्वतःच्या हाताने आजींच्या चित्राशेजारी लावले. आलेल्या माणसाला कुठे बसवायचे या सवयीतही देश असतो, हे मला तेव्हा उमगले.

मोतीबिंदू काढल्यापासून डॉक्टरांनी सरांना दुपारी बाहेर पडायला मनाई केली आहे. ते ऐकत नाहीत आणि काकू माझ्यावर रागावतात. तरी देवापुढे दिवा लावताना मी रोज हेच मागतो: सरांची नजर अशीच राहो, गुडघ्यांनी साथ द्यावी आणि शंभरीतल्या मे महिन्यातही त्यांनी असेच घराबाहेर पडावे. काकूंची बोलणी खायला मी आहेच.