मित्रकोळ्यांची उपासमार

काकींच्या काचघरात गुलाबांच्या पानांमागे लाल कोळी ही रस शोषणारी, बारीक जाळी विणणारी कीड पडली होती. फवारणीने काकांना धाप लागायची, म्हणून यंदा काकींनी औषध बंद केलं आणि या कोळ्यांना खाणारे मित्रकोळी आणून पानांवर सोडले. काही आठवड्यांत जाळी गेली, पानं तजेलदार झाली. काकी खुशीत भिंगातून बघायला गेल्या आणि किंचाळल्याच.

"अहो, इकडे या! हे मित्रकोळी स्वतःचीच पिल्लं खातायत!"

काकांनी भिंगाला डोळा लावला. एक मित्रकोळी इवल्याशा पिल्लाला धरून शोषत होता. काकांनी भिंग खाली ठेवलं.

"शिकार संपली गं. उपाशी आहेत ते."

काकी तडक जाऊबाईंकडे गेल्या.

"तुमच्या घेवड्याची कोळी पडलेली पानं द्या."

"मुद्दाम कीड नेताय? डोकं ठिकाणावर आहे ना?" जाऊबाईंनी विचारलं.

जन्मभर जिचा नायनाट केला, ती कीड काकींनी स्वतःच्या हातांनी कोपऱ्यातल्या गुलाबांवर ठेवली.

"खा बाबांनो," त्या पुटपुटल्या, "पण पोरांना सोडा."

नंतर भिंगात पिल्लं सुखरूप फिरताना दिसली. तरी पान उलटताना काकी अजूनही आधी डोळे गच्च मिटतात.